संक्रांत म्हणजे उत्तरायण, मग ती २१ डिसेंबरला का नाही? आणि असले सण बाहेरच्या देशात पण असतात का?

असतात की. पण आधी आपलं बघू. सूर्य खरा उत्तरेकडं वळतो २१-२२ डिसेंबरलाच, पण आपलं पंचांग तारे बघून चालतं, सूर्य मकर राशीत गेला की संक्रांत. साधारण १७०० वर्षांपूर्वी ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी यायच्या, पण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो ना, त्यामुळं दर ७२ वर्षांनी एकेक दिवस सरकत सरकत आता १४, कधी १५ जानेवारी.

स्वीडनमध्ये पण असंच, फक्त उलट्या बाजूनं. तिथं १३ डिसेंबरला लुसिया असतो, पोरी डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घालून फिरतात. जुन्या ज्युलियन कॅलेंडरमध्ये एकेकाळी सगळ्यात मोठी रात्र तीच पडायची, १७५३ ला कॅलेंडर बदललं पण सण काय हलला नाही.

इराणात यल्दाच्या रात्री, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्री, डाळिंब आणि कलिंगड खात जागतात. ऐन थंडीत कलिंगड! त्यापेक्षा आपली भोगी बरी. इकडं सांगली जिल्ह्यात वाळवा-पलूस साइडला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांगं, गाजर, घेवडा, हरभऱ्याचे सोले टाकून केलेली भाजी आणि वर लोण्याचा गोळा. मला तर वाटतं हे पोथीतनं आलंच नसणार, शेतात त्या वेळी जे निघतं तेच ताटात. तिळगुळाचं पण तेच, ऊसतोड जोरात असते, गुऱ्हाळं चालू असतात, नवा गूळ हाताशी असतो.