बेंगळूरला खोली घेऊन पोराला डबा करून घालू काय?

"अक्का, आम्ही खानापूर तालुक्यातले. मुलगा बेंगळूरला इंजिनिअरिंगला आहे, सेकंड इयर, चौथं सेम चालू आहे. फर्स्ट इयरला रोज रात्री फोन करायचा, आता मी तीनदा लावला की एकदा उचलतो. गणपतीला आला आणि दीड दिवसात निघून गेला. थर्ड सेमचे दोन विषय गेले ते पुतण्याकडून कळलं, हॉस्टेल सोडून पीजीत गेला तेही नंतर. हे म्हणतात बास झालं, घेऊन या, शेत बघूदे. मला वाटतंय तिथं सहा महिने खोली घ्यावी आणि त्याला डबा करून घालावा. काय करू? – एक आई"

ताई, खोली घेऊ नका. तुम्हाला राग येईल पण आधी हेच सांगते, कारण पत्र वाचताना मला वाटलं तुम्ही मनातनं स्टोव्ह आणि कुकर बांधूनसुद्धा ठेवलाय.

फर्स्ट इयरला काय असतं बघा, सगळेच नवीन, सगळेच घाबरलेले, फिजिक्स सायकल केमिस्ट्री सायकल (एका सेमला एका गटाचे विषय, दुसऱ्या सेमला दुसऱ्या) करत सगळ्या ब्रँचची पोरं जवळजवळ तेच शिकतात, थोडं बारावीसारखंच वाटतं. सेकंड इयरला खरी ब्रँच सुरू होते आणि वर डिप्लोमा करून आलेली पोरं थर्ड सेमला डायरेक्ट वर्गात येऊन बसतात, त्यांनी तेच विषय तीन वर्षं हाताळलेले असतात, लॅबमध्ये त्यांचे हात भराभर चालतात आणि आपलं पोर बघत उभं राहतं. त्यात तुमचा मुलगा मराठी शाळेतला असेल तर इंग्लिश अडखळत, कन्नड आपल्या इकडचं, बेंगळूरची पोरं ते ऐकून हसतात. गावात हुशार म्हणून नाव होतं त्याचं, तो तुम्हाला फोनवर काय सांगणार, मी मागे पडलोय म्हणून?

म्हणून उचलत नसेल. माजला वगैरे काही नाही.

माझं सांगते. माझा थोरला असाच सेकंड इयरला गप्प झाला होता, मी काय शहाणपणा केला, माझ्या मावसभावाला "सहज गेलास तर बघून ये" म्हणून त्याच्या रूमवर पाठवलं. तो बिचारा केळी घेऊन गेला आणि आल्यावर मला सगळा रिपोर्ट दिला, कपडे कुठं पडलेत, किती वाजता उठतो. पोराला कळलं, दोन महिने माझ्याशी धड बोलला नाही. तुमच्या पुतण्याचं पण तेच होणार, त्याच्याकडनं बातम्या काढायच्या आजच बंद करा, आणि दोन विषय गेलेले तुम्हाला माहीत आहेत हे पोराला सरळ सांगून टाका, "कळलंय, ओरडणार नाही, पुढचं काय ते तू सांग" एवढंच. माहीत असून माहीत नसल्यासारखं बोलणं पोरांना लगेच कळतंय.

मग त्याच्यावर काम टाका. व्हीटीयूचं, म्हणजे आपल्या बेळगावच्या विश्वेश्वरय्या युनिव्हर्सिटीचं, कॉलेज असलं तर हजेरी 85 टक्के लागते, इंटर्नलचे 50 मार्क आणि फायनलचे 50 असतात आणि इंटर्नलला 20 च्या खाली गेला तर त्या विषयाच्या फायनललाच बसता येत नाही. या सेमला कुठल्या विषयात किती आहेत, बॅकलॉग, म्हणजे गेलेले विषय, कधी लिहिणार, थर्ड इयरला जायला त्याच्या स्कीमचा, म्हणजे त्याच्या बॅचच्या अभ्यासक्रमाचा, नियम काय, हे त्यानं स्वतः बघून कागदावर लिहून तुम्हाला फोटो पाठवू दे. तुम्ही कॉलेजला फोन करू नका. बहुतेक कॉलेजात पोरांना एक मेंटर सर किंवा मॅडम दिलेले असतात, त्यांना भेटायला त्यालाच सांगा. पीजीचं भाडं पण असंच, महिन्याला अमुक देऊ, त्यात बसव, कमी पडलं तर आधी सांग, महिना संपल्यावर नको.

यांना म्हणावं (हे तुम्हीच सांगा, माझं नाव घेऊ नका), शेत कुठं पळून जात नाही. दोन विषय गेले म्हणून दीड वर्षाची फी पाण्यात घालायची हा कुठला हिशेब? पण पोरगा स्वतःच म्हणाला की मला हे शिकायचंच नाही, तर तेही ऐकून घ्या, लगेच नाही म्हणू नका.

फोन रोज तीनदा नको. रविवारचा एक ठरवा, आणि "जेवलास काय, अभ्यास केलास काय" हे दोन प्रश्न सोडून बोला. भाताचं सांगा, म्हशीचं सांगा, गावात कोणाचं भांडण झालं ते सांगा, बघा कसा बोलायला लागतोय.

एक मात्र वेगळं. जेवण सुटलंय, दिवसभर झोपून आहे किंवा रात्र रात्र जागा आहे, "माझ्यामुळे तुम्हाला त्रास, मी नसतो तर बरं" असलं काही बोलला, तर वरचं सगळं बाजूला ठेवा, मिळेल त्या गाडीनं त्याच रात्री निघा आणि पोचेपर्यंत त्याच्याजवळ मित्र नाहीतर पीजीवाले कोणीतरी बसतील असं बघा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट, चोवीस तास, मराठीत पण बोलता येतं आणि कन्नडमध्ये पण, तुम्ही आई म्हणूनसुद्धा लावू शकता. आणि डॉक्टरकडे न्यायला लाजू नका, लोकं काय म्हणतील ते नंतर बघू.

तसलं काही नसलं तर महिन्याभरानं एकदा जाऊन या, आधी विचारून, शनिवारी रात्रीच्या गाडीनं आणि रविवारी परत, त्याच्या खोलीत झाडू हातात न घेता. बेळगावहून कुंदा न्या, पण पीजीत खोलीत किती पोरं आहेत ते विचारून तेवढा न्या, एकट्यापुरता नेलात तर त्याला लपवून खावा लागेल.

– अक्का