ऑथरवेअरमधला जुना ट्रेनिंग कोर्स आता कशात बनवायचा?
तुमचा प्रश्न असा की ऑथरवेअरमध्ये केलेला जुना कोर्स सरळ नव्या सॉफ्टवेअरमध्ये कन्व्हर्ट होईल का. सरळ इम्पोर्ट होईल ही आशा सोडा, परत बांधावाच लागेल. ऑथरवेअर म्हणजे कम्प्युटरवरचे ट्रेनिंग कोर्स बनवायचं मॅक्रोमीडिया कंपनीचं सॉफ्टवेअर, अडोबीने २००५ मध्ये ती कंपनी घेतली आणि २००७ मध्ये ऑथरवेअरचं डेव्हलपमेंट बंद केलं. ब्राउझरमध्ये चालायला त्याचा वेगळा वेब प्लेयर लागायचा, तोही आजच्या ब्राउझरमध्ये चालत नाही.

पण होतं मस्त राव! एक उभी रेघ (फ्लोलाइन), तिच्यावर आयकॉन ओढून टाकायचे, हा डिस्प्ले, हा इंटरॅक्शन, हा डिसिजन, म्हणजे फ्लोचार्ट काढला की तोच प्रोग्राम, कोडिंग न येणारा शिक्षकसुद्धा उत्तर चुकलं तर इकडे बरोबर आलं तर तिकडे असं जोडत जायचा.

जुना कम्प्युटर चालू असेल तर आधी सोर्स फाईल उघडून त्या फ्लोलाइनचे स्क्रीनशॉट काढा, मजकूर-फोटो-आवाज वेगळे सेव्ह करा, खरी मेहनत त्या लॉजिकमध्ये आहे.

नवीन बांधायला पैसे असतील तर स्टोरीलाइन हे कोर्स बनवायचं सॉफ्टवेअर घ्या, त्यात ट्रिगर (हे केलं की ते घडेल असे नियम) आणि व्हेरिएबल (उत्तरं, गुण लक्षात ठेवायची जागा) मिळतात त्यामुळे ऑथरवेअरवाल्याला जवळचं वाटतं. फुकटात हवं तर एच-फाइव्ह-पी (H5P) हे इंटरॅक्टिव्ह धडे बनवायचं साधन, त्यातला ब्रांचिंग सिनॅरिओ (उत्तरानुसार वेगळ्या वाटेने जाणारा धडा) बघा, ल्युमी नावाच्या अ‍ॅपमधून ऑफलाइन बनवून स्कॉर्म पॅकेज (ऑनलाइन ट्रेनिंग सिस्टिममध्ये टाकता येणारी कोर्सची फाईल) काढता येतं. अवघड सिम्युलेशन असेल तर मात्र एच-फाइव्ह-पी अपुरं पडतं.