इंग्लंडच्या खेड्यापाड्यात सायकल फिरवायचीये पण चढ झेपत नाहीत, कुठे जावं?

सगळे कॉट्सवोल्ड्स सांगतील, गावं सुंदरच आहेत पण स्टो-ऑन-द-वोल्डचा चढ दमवतो बरं का. त्यापेक्षा पीक डिस्ट्रिक्ट या नॅशनल पार्कमधला मॉन्साल ट्रेल करा, 1968 मध्ये बंद पडलेल्या रेल्वेलाइनवर केलाय त्यामुळे जवळजवळ सपाट, साधारण 13-14 किमी, गाड्या नाहीत आणि 2011 पासून जुने बोगदेही खुले झालेत, आत उन्हाळ्यातही गारठा असतो म्हणून जॅकेट ठेवाच. हेडस्टोन बोगद्यातून बाहेर आलात की एकदम दरीवरचा पूल, तिथे अर्धा तास जातोच. सायकल हॅसॉप स्टेशनला भाड्याने मिळते. नंतर जवळच्या बेकवेल गावात जाऊन तिथलं पुडिंग खा, फार गोड आहे, एकात दोघं. दुसऱ्या दिवशी चॅट्सवर्थ हाऊस हा जुना भव्य वाडा बघा, पण ते बसने, तिकडे चढ आहेत.