“टोचेल” असं का सांगितलं?

प्रश्न : चार वर्षांच्या मुलाला धाप लागली म्हणून रात्री इमर्जन्सीत नेलं. सुई लावताना सिस्टर त्याला सरळ म्हणाल्या, “टोचेल.” असं घाबरवतात का?
– एक आई, ऐरोली

उत्तर : ताई, मीही तेच सांगते. ठाण्यात मुलांच्या इमर्जन्सीत नर्स म्हणून लागले तेव्हा मी “मुंगी चावेल फक्त” म्हणायचे. कळव्याचा एक मुलगा दुसऱ्या सुईला म्हणाला, “तू खोटारडी आहेस.” नंतर त्यानं नेब्युलायझरचा, म्हणजे औषधाची वाफ देणाऱ्या यंत्राचा, मास्कही लावू दिला नाही, आणि तो तर दुखतही नाही! आता म्हणते, “टोचेल. रड हवं तर, फक्त हात हलवू नको.” धाप लागलेलं मूल आईच्या मांडीवर बसवूनच ठेवते, आडवं केलं की जास्त घुसमटतं. लक्ष वळवायला साबणाचे फुगे माझ्या खिशात असतातच. बधिर करणारं मलम मिळतं, पण त्याला तासभर लागतो, तेवढी सवड कुठली? गर्दीच्या रात्री यातलं काहीच जमत नाही, धरूनच टोचावं लागतं. ते रडणं मग घरी जाताना रिक्षातही ऐकू येतं.

तुम्ही मात्र “जेवला नाहीस तर सिस्टर सुई देईल” म्हणणं सोडा. आणि त्याचं वजन पाठ ठेवा, औषधाचा डोस किलोवर ठरतो.