रीलोडिंग परवडतं का? आधी कॅलिबर बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टेक्सासमध्ये राहता, ग्रीन कार्ड आहे, पिस्तुलाची ९ एमएमची महिन्याला तीनेकशे काडतुसं स्पर्धेत आणि सरावात संपतात, आणि आता ६.५ क्रीडमूरची रायफल घेतली आहे. मग रीलोडिंगसाठी, म्हणजे झाडलेल्या काडतुसाच्या रिकाम्या कवचात (केस) ठिणगी देणारी टोपी (प्रायमर), पावडर आणि नवी गोळी भरून घरीच काडतूस करण्यासाठी, डिलन कंपनीची प्रोग्रेसिव्ह प्रेस (दांड्याच्या दर खेपेला एक काडतूस पुरं करणारं यंत्र) घ्यावी की काडतुसं विकतच आणावीत? आणि एच-१बीवरचा मेहुणा मदतीला बसला तर चालेल का?

माझं मत विचाराल तर ९ एमएम विकत आणा, क्रीडमूर घरी भरा, आणि डिलनचा विचार तूर्त बाजूला ठेवा.

हिशेब ढोबळच मांडतो, कारण भाव सारखे हलतात. ९ एमएमला प्रायमर सात सेंट, गोळी नऊ-दहा, पावडर तीन. केस रेंजवर उचललेली, म्हणजे फुकट. झाले वीसेक सेंट. तेच काडतूस हजाराच्या पेटीत चोवीस-पंचवीसला मिळतं. तुमच्या वापराला वर्षाकाठी पावणेदोनशे डॉलर वाचले तर खूप. प्रोग्रेसिव्ह प्रेस, डाय (केसला आकार देणारे साचे), तराजू, केस साफ करायचा टंबलर धरून खर्च हजार-बाराशेच्या घरात सहज जातो. मशीनचे पैसे फिटायला सहा-सात वर्षं लागतील, आणि त्यात तुमचे शनिवार धरलेलेच नाहीत.

क्रीडमूरचं गणित उलटं आहे. चांगल्या मॅच (स्पर्धेच्या दर्जाच्या) काडतुसाला पावणेदोन-दोन डॉलर पडतात. घरी भरलं तर गोळी पन्नासेक सेंट, पावडर तीस (एका पौंडात जेमतेम दीडशे-पावणेदोनशे काडतुसं होतात), प्रायमर आठ-दहा, आणि केस पुन्हा पुन्हा वापरायची म्हणून तिचे दहा धरा. एका काडतुसामागे पाऊण डॉलर वाचतो. ली किंवा आरसीबीएसची साधी सिंगल-स्टेज प्रेस (एका वेळी एकच पायरी करणारी) सगळ्या सामानासकट चार-पाचशेत बसते, म्हणजे सहा-सातशे काडतुसांत वसूल. शिवाय तुमच्याच नळीला कोणती गोळी आणि कोणती पावडर मानवते ते शोधता येतं. लांबच्या निशाण्याला पैशापेक्षा त्याचंच मोल जास्त.

खरं सांगायचं तर वाचलेले पैसे कोणाच्याच खिशात राहत नाहीत. माणूस तेवढ्याच पैशात जास्त काडतुसं झाडतो, इतकंच. बायकोला ‘बचत होईल’ असं सांगून प्रेस आणू नका, पुढे जड जातं.

‘टंचाईत रीलोडिंगच तारतं’ हे तुम्ही कोणाकडून तरी ऐकलं असेल. अर्धंच खरं आहे. २०२० नंतरच्या टंचाईत आधी काडतुसं गेली आणि पाठोपाठ प्रायमरही. तीन-चार सेंटचा प्रायमर दहाच्या वर गेला, तोही मिळाला तर. प्रायमर घरी होत नाही. ज्यांच्याकडे आधीचा साठा होता तेच तरले. एनएफपीए या आगीपासून सुरक्षेची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या नियमांत घरी मूळ डब्यात २० पौंड पावडर आणि १०,००० प्रायमरपर्यंत मुभा आहे, पण गावाचा आणि घराच्या विम्याचा नियम वेगळा असू शकतो, तो विचारून घ्या. ऑनलाइन मागवलंत तर हॅझमॅटचं (धोकादायक माल पाठवण्याचं) शुल्क वेगळं लागतं, म्हणून दोघातिघांनी एकत्र मागवावं.

९ एमएम घरी भरायचं एक रास्त कारण मात्र आहे. यूएसपीएसए या नेमबाजी संघटनेच्या स्पर्धांत ‘मायनर’ गटाला पॉवर फॅक्टर किमान १२५ लागतो: गोळीचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले सेकंदाला फुटांतला वेग, भागिले हजार. बाजारातली काडतुसं बहुतेक १३०-१४०च्या पुढे असतात. १४७ ग्रेनची गोळी ८६० फुटांच्या वेगाने सोडली की १२६ येतात, आणि पिस्तूल हातात कमी उसळतं. सेकंदाच्या अंशावर क्रमांक ठरायला लागले की त्याचा विचार करा. तोवर रिकाम्या पितळी केस जमवत राहा. स्टीलच्या आणि अॅल्युमिनियमच्या टाकून द्या.

सुरुवात सिंगल-स्टेजवरच का, तर नजर बसावी म्हणून. पिस्तुलाच्या केसमध्ये दुप्पट पावडर पडली तरी बाहेर सांडत नाही, आणि वर गोळी बसली की काही दिसत नाही. पन्नास केस लाकडी ट्रेमध्ये उभ्या ठेवायच्या आणि गोळ्या बसवण्याआधी वरून टॉर्च मारून एकेका ओळीतली पातळी बघायची. एखादी जास्त भरलेली किंवा रिकामी असली तर लगेच डोळ्यांत भरते. टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा. पावडरचं वजन फक्त छापील मॅन्युअलमधलं, तेही खालच्या आकड्यापासून वर. यूट्यूबवरच्या कोणाचं नाही, आणि माझंही नाही. झाडताना नेहमीच्या आवाजाऐवजी ‘फुस्स’ झालं तर तिथेच थांबा, पिस्तूल रिकामं करून नळी तपासा. गोळी आत अडकलेली असताना पुढची झाडली तर नळी फाटते.

रायफलच्या केसचं दुखणं वेगळं, ती पुन्हा पुन्हा भरून बुडाशी तुटायला येते. टोक वाकवलेली पेपरक्लिप आत घालून बुडाच्या जरा वरच्या भिंतीवर फिरवायची. खाच लागली तर ती केस भंगारात, बाहेरून कितीही चकचकीत दिसली तरी.

आता मेहुण्याचं. नका बसवू. नॉनइमिग्रंट व्हिसावर बंदूक किंवा अॅम्युनिशन बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत सुट्या केस, प्रायमर, गोळ्या आणि पावडरही अॅम्युनिशनच धरतात. त्याने राज्याचं चालू हंटिंग लायसन्स काढलं तर अपवाद लागू होतो. तरी व्हिसाचा प्रश्न आहे, इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारलेलं बरं. तुम्ही स्वतःपुरतं भरत असाल तर केंद्राचा वेगळा परवाना लागत नाही, पण विकायला भरलंत तर लागतो. मित्राकडून ‘खर्चापुरते’ पैसे घेणंही टाळा.

आणि मुंबईला जाताना रेंजवर वापरलेली बॅग नेऊ नका. तिच्या कप्प्यात राहिलेल्या एका काडतुसावरून भारतातल्या विमानतळांवर आर्म्स अॅक्टखाली गुन्हे नोंदले गेले आहेत, आणि ते रद्द करून घ्यायला लोकांना उच्च न्यायालयात जावं लागलं आहे.