कावळ्याला हात का जोडले

आइंडहोव्हन, रविवार

चि. मनू,

अनेक आशीर्वाद. (नास्तिक माणसाने आशीर्वाद कुणाच्या भरवशावर द्यायचे, असं तू लगेच विचारशील. नाना मला हॉस्टेलवर पत्र लिहायचे ते असंच सुरू व्हायचं, म्हणून.)

साताऱ्याहून परतताना विमानात तू विचारलंस, "बाबा, तू देव मानत नाहीस ना? मग कावळ्याला हात का जोडलेस?" मी झोप लागल्याचं सोंग केलं. त्याला तीन आठवडे झाले. तू पुन्हा विचारलं नाहीस, तेच जास्त टोचतंय.

आधी त्या दिवशी काय चाललं होतं ते सांगतो. संगम माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते, तिथल्या घाटावर दहावा करतात. पत्रावळीवर भाताचा पिंड ठेवायचा आणि शेजारी गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीतरी. नानांसाठी कंदी पेढे होते, डॉक्टरांनी नऊ वर्षं बंद केलेले. पिंडाला कावळा शिवला की माणूस सुखाने गेला, नाही शिवला तर त्याची काही इच्छा राहिली, असं मानतात. मग घरचे एकेक जण पुढे होऊन वचन देतात: धाकटीचं लग्न आम्ही करू, सोसायटीचं कर्ज फेडू, आता जीव अडकवू नका.

पाऊण तास कावळे झाडावरून हलले नाहीत. माझ्या मते कारण साधं होतं. सकाळपासूनचा तो तिसरा दहावा, त्यांची पोटं भरलेली. त्यात तीस माणसं पत्रावळीभोवती कोंडाळं करून उभी. "जरा मागे सरका," असं मी दोनदा म्हणालो. कोणी सरकलं नाही, उलट सगळे माझ्याकडे बघायला लागले. तू तेवढ्यात शाहू महाराजांच्या कुत्र्याच्या समाधीचे फोटो काढून आलीस, आणि नेमके माझे जोडलेले हात बघितलेस.

माझ्याकडेच का बघत होते, ते जुनं आहे. सातारा हे डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं गाव. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली, आणि कॉलेजात असताना मी तिच्या एका शिबिराला गेलो. जिभेवर कापूर जाळायला तिथे शिकलो. नारळाच्या शेंडीत सोडियमचा तुकडा दडवून वर पाणी शिंपडलं की नारळ पेटतो. सुरीला मिथिल ऑरेंज लावून लिंबू कापलं की 'रक्त' येतं. समिती काही देव मानू नका असं सांगत नव्हती, देवाच्या नावावर चाललेल्या लुबाडणुकीवर तिचा रोख होता. देव नाही, हे माझं मी ठरवलं, त्याच वर्षी. आणि वीस वर्षांच्या मुलाला ते गल्लीभर सांगितल्याशिवाय चैन पडेना. नवरात्रात मंडळासमोरच नारळ पेटवून दाखवला.

मला कोणी काही केलं नाही. "आला आपला दाभोलकर," म्हणून पोरं हसायची आणि चहा पाजायची. पुढच्या संक्रांतीला मात्र तुझ्या आजीला तीन घरांतून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. "तुमच्याकडे आता चालतं का नाही, माहीत नव्हतं हो," असं तिला नंतर नळावर ऐकवलं. देव मी सोडला आणि वाण आईचं गेलं. हे मला कळायला फार वर्षं लागली, कारण ती कधी बोलली नाही. आत्याने सांगितलं.

एक गंमत बघ. शिकलेला, कमावता मुलगा नास्तिक झाला तर तो 'विचारवंत'. तेच आत्या म्हणाली असती तर? तिचं लग्न जमवायचं होतं तेव्हा. ती अजूनही म्हणत नाही. मला एकट्याला म्हणते.

तुला वाटतं मी हे युरोपात येऊन उचललं. आपल्या कराडजवळच्या टेंभूत १८५६ साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले. आता टेंभू म्हटलं की लोकांना कृष्णेचं पाणी उचलणारी योजना आठवते. पण या माणसाने १८८८ साली 'सुधारक' काढलं, धर्मापेक्षा बुद्धीला मोठं म्हटलं, तेव्हा पुण्यात लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. चाळिशीही न गाठता १८९५ साली ते खरंच गेले. खटावकडचं कटगुण हे जोतीराव फुल्यांचं मूळ गाव. ते नास्तिक नव्हते, 'निर्मिक' मानायचे, मधला भटजी तेवढा नको म्हणायचे. नानांच्या आजोबांचं लग्न त्याच सत्यशोधक पद्धतीने, भटजीवाचून झालं होतं. आणि त्याच घरात नाना रोज तासभर पूजा करायचे. घरं अशीच असतात.

२० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला गेलेल्या दाभोलकरांना पुण्यात पुलावर गोळ्या घातल्या. जादूटोण्याविरुद्धचा कायदा व्हावा म्हणून ते वर्षानुवर्षं झगडत होते. त्याचा वटहुकूम चार दिवसांनी निघाला. मी तेव्हा इथे होतो. नानांना फोन केला. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "तू तिकडंच राहा." देवाधर्मावरून माझ्याशी वाद घालणारा माणूस. त्यानंतर आम्ही त्या विषयावर कधी भांडलो नाही.

आता तुझा कावळा. दहाव्याच्या आदल्या रात्री तू झोपल्यावर माजघरात बैठक बसली होती. उद्या आजीच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, मंगळसूत्र काढायचं. कोण काढणार तेही ठरलं होतं. मी नाही म्हणालो. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने २०२२ सालीच ही प्रथा बंद करायचा ठराव केला, सरकारनेही मग सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं, हेही सांगितलं. थोरले काका म्हणाले, "हेरवाडचं हेरवाडात." रात्री एकपर्यंत चाललं. शेवटी ते म्हणाले, "बांगड्यांचं तुझं ऐकतो. पण उद्या घाटावर सगळ्यांसमोर नीट वागायचं. मुंडण, पिंड, सगळं." मी हो म्हटलं. सौदाच होता तो.

आणि घाटावर कावळा येईना. आता काका मागून ढोसत होते, "सांग, गौरी-गणपती चालू ठेवीन म्हणून सांग." आजी माझ्याकडे बघत नव्हती, खाली बघत होती. तो कावळा तसाच राहिला असता तर पुढची वीस वर्षं तिला ऐकावं लागलं असतं की पोराच्या पायी नवरा अतृप्त गेला. म्हणून हात जोडले. गौरी-गणपतीचं वचन मी दिलं नाही. पुटपुटलो ते असं: "नाना, आईच्या बांगड्यांना कोणी हात लावणार नाही." काकांना ऐकू गेलं. कावळा तरीही आला नाही. मग भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे जेवायला गेले. आपण गाडीपाशी पोचल्यावर पत्रावळीवर दोन कावळे उतरलेले तूच मला दाखवलेस. एकाने पेढा उचलला होता.

हे खोटं वागणं झालं का? थोडं झालं. देवळात मला कोणी असं उभं केलं असतं तर मी निघून आलो असतो, असं मला वाटतं. घाटावर नाही जमलं.

आजी परवा फोनवर म्हणाली की कुंकू तिने आपणहून बंद केलंय. बांगड्या आहेत, हिरव्या काढून साध्या घातल्यात. मला वाद घालावासा वाटला, घातला नाही. कपाळ तिचं आहे. संक्रांतीला तिला कोण बोलावतं आणि कोण नाही, ते मला कळायला हवंय. मी विचारलं तर ती सांगणार नाही. तू फोन करशील तेव्हा सहज विचार, वाण काय काय मिळालं म्हणून.

तुझा,
बाबा