तैनातीवर निघालेल्या भावासाठी टॉर्च

प्रश्न : माझा धाकटा भाऊ पायदळात आहे. पुढच्या महिन्यात त्याची तुकडी उंचावरच्या, खूप थंड भागात जाणार आहे. त्याला एक टिकाऊ टॉर्च द्यायची आहे. दुकानात मला १,२०० ल्यूमेनची (ल्यूमेन म्हणजे उजेडाचं माप), केबलने चार्ज होणारी, पाच तऱ्हेने उजेड देणारी टॉर्च दाखवली. खोक्यावर ‘मिलिटरी ग्रेड’ आणि ‘वॉटरप्रूफ’ लिहिलंय. जितका उजेड जास्त तितकी चांगली, असं समजून घेऊन टाकू का?

उत्तर : ताई, ती घेऊ नका. मी पायदळात २२ वर्षं होतो आणि त्यातली शेवटची सहा कंपनीच्या, म्हणजे आमच्या तुकडीच्या, सामानाचा हिशेब माझ्याकडे होता. बिघडून परत आलेल्या टॉर्च मीच उघडून बघायचो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी भावाला रात्री टॉर्च कशाला लागते ते बघा. नकाशा वाचायला, नोंदवहीत दोन ओळी लिहायला, खाली पडलेली वस्तू शोधायला, हत्यार तपासायला, कुणाला लागलं तर पट्टी बांधायला. ही सगळी कामं हाताच्या अंतरावरची आहेत आणि त्यांना एक ते पाच ल्यूमेन पुरतात. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका प्रखर झोताने ती कमाई क्षणात जाते. त्यातून डोंगरात उजेड किती लांबून दिसतो, हे तिथे रात्र काढलेल्यालाच कळतं. म्हणून दुकानात टॉर्च हातात घेतलीत की पहिला प्रश्न हा विचारा : ही कमीत कमी किती उजेड देते, आणि बटण दाबल्यावर आधी तोच लागतो का? पुष्कळ टॉर्च सगळ्यात प्रखर उजेडाने सुरू होतात, किंवा शेवटचा वापरलेला उजेड लक्षात ठेवतात. लुकलुकणारा झोत मधे येत असेल तर तीही नको. अंधारात चाचपडत बटण दाबणाऱ्याच्या हातून तो कधीतरी लागतोच.

एक प्रसंग सांगतो. आम्ही पाच जण रात्री एका धारेवरून रांगेने चाललो होतो. दम खायला बसलो, आणि आमच्यातल्या एकाच्या मांडीच्या खिशातलं बटण गुडघा वाकताना दाबलं गेलं. जाड कापडातूनही सगळा खिसा कंदिलासारखा उजळला. आम्ही जमिनीला चिकटलो, अर्धा तास हललो नाही, आणि नंतर ठरलेली वाट सोडून लांबच्या वाटेने गेलो. कुणाला काही झालं नाही. पण परत आल्यावर मी कंपनीतली प्रत्येक टॉर्च टेबलावर घेतली आणि बटण चुकून दाबलं जातं का ते तपासलं. बटण कडेच्या आत खोल बसलेलं हवं, किंवा त्याभोवती कडं हवं. मागचं झाकण पाव फेरा सैल केल्यावर टॉर्च अजिबात लागणार नाही, अशी सोय तर हवीच. काही चार्जिंगच्या टॉर्चमध्ये बटणाखाली एक बारीक दिवा सतत जळत असतो. घरात तो सोयीचा वाटतो, तैनातीवर मात्र तसली टॉर्च नको.

आता सेल. भाऊ थंडीत जाणार आहे, म्हणून माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो. साध्या अल्कलाइन सेलच्या आतलं रसायन पाण्यातलं असतं. शून्याच्या खाली ते सुस्तावतं, आणि उणे २० अंशांत नवा सेलही दमल्यासारखा वागतो. लिथियमचे, पुन्हा चार्ज न होणारे पेन्सिल सेल उणे ४० अंशांपर्यंत काम देतात, वजनाला हलके असतात आणि वर्षानुवर्षं पडून राहिले तरी टिकतात. चार्ज होणारे लिथियम-आयन सेल थंडीत चालतात, पण शून्याखाली ते चार्ज करू नयेत, आतून कायमचे बिघडतात. आणि चौकीवर वीज कधी मिळेल याचा भरवसा काय? खरेदीआधी भावाला एवढं विचारा, की त्यांना वाटपात कुठले सेल मिळतात. रेडिओला किंवा रात्री बघायच्या दुर्बिणीला जे लागतात, तेच टॉर्चला चालले तर त्याच्या पाठीवर वेगळ्या सेलचं ओझं राहत नाही. पेन्सिल सेल असोत की सीआर१२३ए (बुटके, जाड लिथियम सेल), निवड त्यावरून करा.

लाल उजेडाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण दुकानदार सांगेलच. मंद लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे कमी बिघडतात, हे खरं. मात्र त्यात नकाशावरच्या लाल आणि तपकिरी रेघा, म्हणजे उंचीच्या रेघासुद्धा, पुसट होतात, आणि रक्त नीट ओळखू येत नाही. रात्री बघायच्या उपकरणांना तो उजेड स्वच्छ दिसतो. लाल असावा, पण सोबत मंद पांढराही हवाच.

खोक्यावर छापलेल्या गोष्टींपैकी ‘मिलिटरी ग्रेड’ला अर्थ नाही, जोवर कुठली चाचणी केली ते शेजारी छापलेलं नाही. ‘वॉटरप्रूफ’शेजारी पाणी-धुळीच्या चाचणीची खूण बघा : आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. त्यातला एक्स सांगतो की धुळीची चाचणी नोंदलेली नाही. आयपी६८ असेल तर धूळही आत जात नाही. किती तास चालते हा आकडा साधारणपणे उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा असतो. झोताचं अंतरही पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड जिथे उरतो तिथपर्यंत मोजतात, तेवढ्या लांबचा माणूस ओळखू येईल असं नव्हे. आणि तुम्हाला दाखवलेले १,२०० ल्यूमेन काही मिनिटंच टिकतील. टॉर्च तापते आणि स्वतःच उजेड कमी करते.

अंगाने ती कशी असावी? मळकट रंगाची, न चमकणारी. ॲल्युमिनियम मजबूत असतं, पण कडाक्याच्या थंडीत उघड्या बोटांना चटका देतं. चांगल्या प्लास्टिकची टॉर्च तिथे मला जास्त आवडते. काटकोनात वळलेल्या डोक्याची मिळाली तर उत्तमच. व्हिएतनाम युद्धाच्या काळातली अमेरिकी सैन्याची एमएक्स-९९१ टॉर्च तशीच होती : छातीवर अडकवली की उजेड समोर आणि दोन्ही हात मोकळे. बटणाला आडोसा होता आणि रंगीत काचा बुडाच्या कप्प्यात ठेवलेल्या असत. ती रचना आजही जुनी वाटत नाही.

विकत घेतल्यावर लगेच पाठवू नका. पिशवीत घट्ट बंद करून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि सकाळी जाड हातमोजे घालून लावून बघा. बटण सापडत नसेल, किंवा सेल बदलता येत नसतील, तर परत करा. मग कमरेच्या उंचीवरून फरशीवर दोन-चारदा पाडा. पार्सलने पाठवणार असाल तर लिथियम सेल त्यात घालण्याआधी टपालवाल्यांना विचारा, कारण विमानाने असे सेल नेण्यावर बंधनं असतात.

प्रश्न : मुलगा सुट्टीवर आला तेव्हा त्याच्या टॉर्चमध्ये सेल पाझरून पांढरा थर जमला होता. टॉर्च टाकून द्यावी का?

उत्तर : लगेच नको. अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाझरतं, ते हाताला आणि डोळ्यांना वाईट, म्हणून हातमोजे घाला. कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून थर पुसा, मग ओलसर कापसाने पुसून पूर्ण वाळू द्या. नळी ॲल्युमिनियमची असेल तर आत खड्डे पडलेत का बघा. पडले असतील, किंवा स्प्रिंग खाल्ली गेली असेल, तर ती तैनातीवर नेऊ देऊ नका. शाबूत असेल तर झाकणाच्या आट्यांवरची रबरी रिंग बदला, तिला सिलिकॉनचं ग्रीस लावा, आणि पुढच्या वेळी टॉर्च महिनाभर पडून राहणार असेल तेव्हा सेल काढून ठेवायला सांगा.